फियाटची गादी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या भावाच्या दुकानासमोर एक जुनी फियाट येऊन उभी राहिली. स्वतःच्या चाकांनी आली नव्हती. इंजिन उतरवून पुण्याला पाठवलेले होते, म्हणून टेम्पोवर चढवून आणली होती. १९६७ सालची 'अकराशे डिलाइट'. सोलापुरातल्या एका जुन्या वकिलांची गाडी. वकीलसाहेब जाऊन वीस-बावीस वर्षे झाली, आता त्यांच्या नातवाने ती पुन्हा रस्त्यावर आणायचे मनावर घेतले होते. पत्र्याचे काम झाले, रंग झाला, उरल्या होत्या त्या गाद्या. नातवाची मागणी एका वाक्याची होती. "काका, ओरिजिनल होतं तेच कापड लावा, मिळत नसेल तर दुसरं कुठलं शोभेल ते तुम्ही सांगा."

भाऊ चाळीस वर्षे सीट शिवतो आहे. रिक्षा, जीप, ट्रॅक्टर, बुलेट, काय म्हणाल ते. पण 'ओरिजिनल' या शब्दापाशी तो अडला. रात्री घरी आला, जेवण झाल्यावर आमच्यापुढे बसला आणि म्हणाला, "भाई, तुमे तीस साल इतिहास पढाए ना? फिर तुमीच बोलो, इसमें पयले क्या था."

आमची पंचाईत झाली. सोलापूरच्या किल्ल्यासाठी आदिलशाही आणि निजामशाही किती वेळा एकमेकींच्या अंगावर गेल्या हे आम्ही झोपेतही सांगू. परंतु माणसे ज्यावर बसतात त्याचा इतिहास आम्ही कधी शिकवला नाही, आणि कोणा विद्यार्थ्याने तो विचारलाही नाही. वास्तविक आमचे स्वतःचे शिक्षण गाद्यांच्याच पैशावर झाले. आम्ही नदाफ. म्हणजे पिंजारी. वडिलांच्या खांद्यावर पिंजण होते म्हणून आमच्या हातात खडू आला. तेव्हा भावाच्या प्रश्नाला उत्तर देणे हे आमच्याकडे लागू असलेले जुने देणेच होते. पुढचे दोन महिने आम्ही त्या एका गादीपायी पुस्तके, माणसे आणि माग पालथे घातले.

पहिली गोष्ट गाडीची. ही फियाट इटलीची म्हणून ओळखली जात असली तरी तिच्या जन्माचे एक टोक सोलापुरात आहे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला, एका गुजराती जैन व्यापारी घराण्यात झाला. घरच्या पेढीत त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला, आणि तिथून जहाज, विमान, साखर असा त्यांचा पसारा वाढत गेला. मोटारीचा कारखाना काढायचा ध्यास त्यांनी तिसाव्या दशकापासून घेतला होता, विश्वेश्वरय्यांसारखा माणूस त्या कामात बरोबर होता, पण इंग्रज सरकारने हात दिला नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या करारातल्या. फियाटशी करार त्यानंतरचा. वालचंद १९५३ मध्ये वारले. अकराशेची मालिका १९५४ मध्ये सुरू झाली, म्हणजे ज्या गाडीने त्यांच्या कंपनीचे नाव घरोघर नेले ती त्यांनी पाहिलीच नाही. याच गाडीला सत्तरच्या दशकात 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' असे नाव मिळाले.

सोलापुरात वालचंदांच्या नावाने महाविद्यालये आहेत आणि ते योग्यच आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. कापडाच्या या गावातल्या माणसाने मोटार काढली, आणि त्या मोटारीच्या गादीवर, निदान आमच्या दुकानात गेल्या पन्नास वर्षांत आलेल्या गाड्यांवर, कापड नव्हते. रेक्झिन होते. असे का झाले असावे?

याचे उत्तर शोधायला मोटारीच्या मागे, घोड्याच्या बग्गीपर्यंत जावे लागते. युरोपातल्या बग्गीत दोन जागा असत. पुढे उघड्यावर गाडीवान बसे, त्याच्यावर पाऊस-पाणी, चिखल. म्हणून त्याच्या बैठकीला चामडे, कारण चामडे पुसता येते. आत बंद डब्यात मालक-मालकीण बसत, त्यांच्या बैठकीला लोकरी बनात किंवा जरतारी कापड. मोटारी आल्या तेव्हाही पहिली पंचवीस-तीस वर्षे हीच रीत चालली. मोठ्या लिमोझिन गाड्यांत पुढे शोफरला चामडे आणि मागे साहेबाला कापड. आज शोरूममधला पोरगा 'लेदर सीट' म्हणताना छाती फुगवतो, पण मुळात चामडे ही चाकराची बैठक होती. पुढे मालक स्वतः गाडी चालवू लागला, तसा तो चाकराच्या जागेवर आला आणि चामड्याचीही बढती झाली. प्रतिष्ठा माणसाबरोबर सरकते, वस्तूला तिच्याशी देणेघेणे नसते.

पण चामडे महाग. मग त्याची नक्कल आली. अमेरिकेत ड्यू पाँ ही बंदुकीच्या दारूची कंपनी. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून स्फोटक बनवणे हा तिचा धंदा. त्याच नायट्रोसेल्युलोजचा शांततेच्या काळात काय उपयोग करावा याचा शोध घेताना तिने १९१० मध्ये 'फॅब्रिकॉइड' नावाची कंपनी विकत घेतली. ती सुती कापडावर हा लेप देऊन त्यावर चामड्यासारखी सुरकुती उठवत असे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावात याच जातीचा माल 'रेक्झिन' या नावाने निघू लागला. आगगाडीचे डबे, मोटारी, पुस्तकांच्या बांधण्या, सगळीकडे तो पोचला. ते एका कंपनीच्या मालाचे नाव, पण आपल्याकडे त्या जातीच्या सगळ्याच मालाला चिकटले. 'डालडा'चे झाले तसे. पुढे नायट्रोसेल्युलोज जाऊन पीव्हीसीचा लेप आला, तरी आमच्या बाजारात रेक्झिन ते रेक्झिनच राहिले.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, जुने रेक्झिन आतून कापूस, आणि त्याचा लेपही मुळात कापसाचाच. दोन्हीकडून कापूस, दिसायला चामडे.

महाराष्ट्रातही असा माल निघत होता. भोर इंडस्ट्रीजच्या पीव्हीसी चढवलेल्या कापडाचे नाव वकिलांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. त्या कापडाच्या प्रक्रियेत मधल्या टप्प्यावर जो कच्चा पातळ पापुद्रा तयार होतो त्यावर अबकारी कर बसतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८९ मध्ये निकाल झाला की, जी वस्तू बाजारात विकण्याजोगीच नाही तिच्यावर कर नाही. वकीलसाहेबांच्या नातवाला आम्ही हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, आजोबांच्या पुस्तकांच्या कपाटात सोलापूरचाही एक खटला लाल पेन्सिलीने खूण केलेला आहे. तो आम्हाला माहीत होता. १८७७ साली सुरू झालेली आमची जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, पुढच्या वर्षी केंद्र सरकारने खास कायदा करून तिचा कारभार हाती घेतला, आणि त्याविरुद्ध एका भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. चिरंजितलाल चौधरी खटला. राज्यघटना नवी कोरी असताना समानतेच्या आणि मालमत्तेच्या हक्काचा कस या गावच्या गिरणीवर लागला. देशाच्या कायद्याच्या पुस्तकात सोलापूरचे कापड असे गेले. सोलापूरकराच्या मोटारीत जायला मात्र त्याला वेळ लागला.

इथे आम्हाला मश्रूची आठवण झाली. दख्खनच्या कापडाचा विचार करताना मश्रू टाळून पुढे जाता येत नाही. मुसलमान पुरुषाने निव्वळ रेशीम अंगाला लावू नये असा शरियतचा दंडक. मग विणकरांनी तोड काढली. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, आणि वीण साटिनची. रेशीम सगळे वर येते, सूत सगळे खाली राहते. जगाला रेशीम दिसते, अंगाला सूत लागते. म्हणून नाव मश्रू, म्हणजे शरियतला चालणारे. गुजरातेत पाटण-मांडवीला ते विणले जाई, आपल्याकडे औरंगाबादेत हिमरूच्या जोडीने. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा तिच्याबरोबर हे विणकर आले, असे तिकडे परंपरेने सांगतात. काही लोक मश्रूला पळवाट म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. उष्ण मुलखात घाम टिपणारे सूत अंगाकडे आणि शोभा बाहेर, हे शहाणपण धर्माच्या निमित्ताने का होईना, साधले गेले. रेक्झिन म्हणजे उलटे मश्रू. सूत अंगापासून दूर, खाली दडपलेले, आणि अंगाला लागतो तो न टिपणारा, न श्वास घेणारा लेप. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळीस-बेचाळीसवर असताना, दुपारी दोन वाजता कोर्टाच्या आवारात उभ्या केलेल्या गाडीत जो बसला असेल त्याला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

इतका अभ्यास झाल्यावर आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने दुकानात गेलो आणि भावाला म्हणालो, ओरिजिनल रेक्झिन. तो हसला. म्हणाला, ते तर वरून दिसतेच आहे; आधी खोलून बघू.

मागची गादी खाली उतरवली. वरचे रेक्झिन नव्वदच्या दशकातले असावे, चॉकलेटी, जागोजाग तडकलेले. त्याखाली पातळ फोमचा थर, भुगा झालेला. हात लावला की पिवळी पूड. फोमखाली मांजरपाट. मांजरपाटाखाली चार बोटे कापूस. त्याखाली काथ्या, मग गोणपाट आणि तळाला स्प्रिंगा. काथ्या आणि स्प्रिंगा कुर्ल्याच्या, याबद्दल भावाला शंका नव्हती. पण कापूस? त्याने मांजरपाट उलटा केला, टाके पाहिले आणि काही न बोलता आमच्याकडे सरकवला. दाभणाने घातलेला दुहेरी टाका, दर चार बोटांवर सुतळीची एकच गाठ, शेपूट आत दाबलेले. आमच्या घरातल्या प्रत्येक गादीला असा टाका होता. गोणपाटावर निळ्या पेन्सिलीने दोन आकडे लिहिलेले होते, ७६. अब्बा साल असेच लिहीत.

आता या कापसाबद्दल चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण ते कोणी लिहीत नाही. नदाफ हा शब्द अरबी, त्याचा अर्थ कापूस पिंजणारा. हल्लाज या शब्दाचाही अर्थ तोच. इसवी सन ९२२ मध्ये बगदादला ज्याला देहदंड झाला तो सूफी मन्सूर अल-हल्लाज आपला पूर्वज, असे पिंजारी समाज मानतो, म्हणून उत्तरेकडे बरेचजण मन्सुरी म्हणवतात. इतिहासकार म्हणून आम्ही या वंशावळीवर सही करणार नाही; पण ज्या समाजाला जमिनीचा तुकडा नाही, वतन नाही, गावच्या कागदात धड नोंद नाही, त्याने आपली ओळख एका फकिराशी जोडावी, राजाशी जोडू नये, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. थंडीच्या तोंडावर पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे, ज्याच्या ओसरीवर काम निघेल तिथे बसायचे. तातीवर लाकडी ठोकळा पडला की जो आवाज येतो, तो ज्यांनी ऐकला त्यांच्या कानातून कधी जात नाही. गोठलेला, दबलेला जुना कापूस त्या कंपाने सुटा होतो, सरकीचे तुकडे खाली झडतात, आणि धुळीचा मोठा वाटा पिंजाऱ्याच्या छातीत जातो. अब्बांचा खोकला आम्ही जन्मभर ऐकला. बारा बलुतेदारांची यादी शाळेत आम्ही पाठ केली आणि पुढे पाठ करवलीही. तिच्यात पिंजारी नाही हे आमच्या स्वतःच्या ध्यानात यायला पन्नाशी उलटली.

साठीच्या दशकात कापूस पिंजायची यंत्रे मोहल्ल्यामोहल्ल्यात आली आणि पिंजण भिंतीला टांगले गेले. अब्बा टांग्यांच्या गाद्या भरू लागले. त्या काळी सोलापुरात स्टेशनपासून बाजारापर्यंत टांगेच टांगे होते आणि टांगेवाले बहुतेक आमच्याच मोहल्ल्यांतले. टांग्याच्या गादीवर हात बसला तसे जीप आणि मोटारी येऊ लागल्या. दुकानावर पाटी लागली, 'कुशन वर्क्स'. पिंजाऱ्याचा असा कुशनवाला झाला. आज महाराष्ट्राच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टँडजवळ सीट शिवणारा बघा, शंभरदा तो नदाफ, मन्सुरी किंवा शेख निघेल. हा धंदा त्यांनी कुठल्या संस्थेत शिकलेला नसतो, तो पिंजणाच्या तातीवरून खाली उतरलेला असतो. मोटार उद्योगाच्या इतिहासात कारखानदार आहेत, परवाना राज आहे, नंबर लावून वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहणारी गिऱ्हाइके आहेत. ती गाडी तीस-चाळीस वर्षे बसण्याजोगी कोणी ठेवली, याचे पान कोरे आहे.

असो. तर कापड.

सोलापूरचे कापड मोटारीत शिरले ते मागच्या दाराने, आणि ते शिरवले तापलेल्या रेक्झिनने. कचेरीतल्या साहेबांच्या अँबेसेडरमध्ये मागच्या सीटवर पसरलेला पांढरा टॉवेल सर्वांनी पाहिलेला आहे. लोक त्याला सत्तेचे चिन्ह समजतात. आमच्या लेखी ते आधी घाम टिपायचे साधन होते, चिन्ह नंतर झाले. हा टर्किश टॉवेल नावाप्रमाणेच तुर्कस्तानचा, बुर्साच्या विणकरांचा. हेन्री क्रिस्टी नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा नमुना मँचेस्टरकडे नेला, तिथे त्याचे यंत्र बसले, आणि फिरत फिरत ती वीण सोलापूरच्या यंत्रमागावर आली. टॅक्सीवाल्यांनी आणि जीपवाल्यांनी टॉवेलच्या जागी चादर घातली. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. देशात त्या यादीत आलेल्या अगदी सुरुवातीच्या वस्तूंपैकी या आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी जकार्डवर ही चादर नावारूपाला आणली हे सर्वश्रुत आहे. जकार्डचा शोध फ्रान्समधल्या लिओंचा, १८०४ च्या सुमाराचा. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने कुठला धागा उचलायचा ते ठरते. आमच्या लहानपणी पूर्व भागातल्या गल्ल्यांतून जाताना त्या पुठ्ठ्यांच्या माळा वर टांगलेल्या दिसत आणि खाली मागाचा खडखडाट चाले. तो आवाज आणि पिंजणाचा आवाज मिळून आमचे सोलापूर होते.

तेव्हा आम्ही भावाला सुचवले, चादरच लावू. त्याने आम्हाला दुसऱ्यांदा गप्प केले. चादर अंथरायला विणलेली असते, ताणायला नाही, तो म्हणाला. सूत जाड, वीण सैल. पट्ट्याचे बक्कल अडकले की धागा बाहेर. धुतली की आटते. शिवाय पाच बाय साडेसात फुटांच्या चादरीत काठ आणि मधले फूल जुळवायला गेलो तर अर्धे कापड वाया. हे सगळे खरे होते. प्रेमापोटी चुकीचे कापड निवडणे हा विद्वानांचा दोष आहे, कारागिराला तो परवडत नाही.

मग आम्ही दोघे मागवाल्यांकडे फिरलो. हवे होते असे: दुहेरी पिळाचे सूत, घट्ट वीण, पक्का रंग, सोफ्याच्या कापडासारखे अंग. तसे विणणारे आहेत. अडचण वेगळीच निघाली. दोन्ही गाद्या, पाठी आणि दारांच्या आतल्या पट्ट्या धरून आम्हाला बारा मीटर लागणार होते. बारा मीटरसाठी बीम कोण भरणार? एका मागवाल्याने स्वच्छ सांगितले, "सर, बाराशे मीटर सांगा, उद्या माग लावतो." शेवटी एकाकडे परदेशी पाठवलेल्या सोफ्याच्या कापडाचे उरलेले शेवट निघाले, तीन रंगांत. नक्षी तिन्हींची एकच, लहान चौकोनांत चौकोन. म्हणजे निवड म्हणून जे काही झाले ते उरलेल्यातून झाले.

नातवाला मोर हवा होता. सोलापुरी चादरीवरचा मोर त्याच्या आजीच्या घरात होता, तो गादीच्या मधोमध यावा अशी त्याची हौस. भावाने विचारले, "मोरावर बसणार का?" यात थोडा आमच्या घरचा संस्कार आहे, चित्र भिंतीवर, नक्षी बैठकीवर. पण व्यवहारही आहे. मोठे चित्र शिवणीवर जुळवावे लागते, कापड वाया जाते, आणि मध्ये झिजले की मोराची मान जाते. लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये मोकेट नावाचे लोकरीचे लवदार कापड लावतात. त्याच्या नक्ष्या एनिड मार्क्ससारख्या नामांकित कलावंतांनी १९३७ पासून काढल्या, आणि हेतू एवढाच की, नक्षी अशी असावी की मळ आणि झीज दिसू नये. मुंबईत २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमाने पद्मिनी टॅक्सींच्या गाद्यांवर आणि छतावर तरुण चित्रकारांच्या रंगीत नक्ष्या चढवल्या. उतारू त्यांचे फोटो काढत. त्या टॅक्सीही आता नाहीत, ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. चित्रकाराचे नाव गाडीत लावायची कल्पना आम्हाला आवडली होती. शिवणाऱ्याने नाव लावायची पद्धत मात्र आमच्या धंद्यात कधीच नव्हती. फार तर निळ्या पेन्सिलीने साल.

तीन रंगांच्या परीक्षा घेतल्या. कारखान्यात मार्टिनडेल नावाच्या यंत्रावर कापड हजारो वेळा घासून पाहतात. भावाने पुतण्याच्या जीन्सच्या खिशाची पितळी खुंटी घासून पाहिली. हातभर तुकडा रात्रभर भिजवला आणि वाळल्यावर मोजला. ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळला. गच्चीवर तिन्ही तुकडे अर्धे विटेखाली दाबून पंधरा दिवस उन्हात ठेवले. लाल उडाला. निळ्याने फडके रंगवले. तपकिरी-पिवळा राहिला, वकीलसाहेबांच्या पुस्तकांच्या बांधणीसारखा रंग. रंगही असा उरलेल्यातूनच मिळाला.

पुतण्याचे मत या सगळ्याविरुद्ध होते. त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. तयार कव्हर ऑनलाइन येतात, तासाभरात चढतात, आणि दुकानात त्याच मालावर चार पैसे सुटतात. "एका गादीला दोन महिने. असं करत गेलो तर दुकान बंद होईल, बडे अब्बा." त्याचा हिशोब आम्ही तपासला, तो बरोबर होता. या कामाची मजुरी आणि लागलेला वेळ यांचे गणित बसत नाही. भावाने त्याच्याशी वाद घातला नाही. फक्त एवढे म्हणाला की, ही गादी त्याच्या दादांनी भरलेली आहे, एवढी मी करतो, पुढचे तू ठरव. दुकानाच्या पुढच्या भागात आता तयार कव्हरांचे रॅक लागले आहेत.

शेवटी ठरले ते असे. बसायची आणि टेकायची मधली जागा सोलापुरी कापडाची. कडा, बाजू आणि पायाकडचा भाग, जिथे घासते आणि चिखल लागतो, तिथे रेक्झिन. दोन्हींच्या मध्ये रेक्झिनचाच गोट. कापडाला खालून मांजरपाटाचे अस्तर, म्हणजे ताण अस्तरावर येतो, नक्षीवर येत नाही. नातू म्हणाला, "मग हे ओरिजिनल नाही." आम्ही म्हणालो, नाही. कारखान्यातून आली तेव्हा अशी नव्हती. १९७६ मध्येही अशी नव्हती. त्याने थोडा विचार केला आणि कापडाला हो म्हणाला.

कापसाचा प्रश्न उरला. अब्बांचा कापूस ठेवावा असे आम्हाला वाटत होते. भावाने गाठी काढून दाखवल्या, दगड झाला होता. तसाच ठेवला तर गिऱ्हाईक शिव्या देईल. मग तो यंत्रावर नेऊन पुन्हा पिंजला. निम्म्याहून थोडा जास्त हाती आला, त्यात नवा मिसळला आणि काथ्यावर पसरला. वर पातळ फोम दिलाच, कारण आजच्या माणसाला त्याची सवय आहे. भावाला एकट्याला आठ दिवस लागले. गोणपाट जुनाच ठेवला होता. त्यावरच्या ७६ शेजारी त्याने खडूने साल लिहिले. निळी पेन्सिल दुकानात नव्हती.

इंजिन आले, गाडी उभी राहिली, आणि ती न्यायला नातवाबरोबर त्याच्या आजीही आल्या. वय नव्वदीकडे. दार उघडून त्यांनी गादीवरून हात फिरवला, कापड चिमटीत धरायचा प्रयत्न केला, घट्ट ताणलेले म्हणून आले नाही. "आपल्याकडचंच आहे का हो हे?" त्यांनी भावाला विचारले. तो हो म्हणाला. मग त्यांनी पिशवीतून पांढरा टॉवेल काढला, नव्या गादीवर नीट पसरला, चार कोपरे सारखे केले आणि त्यावर बसल्या.